आधी आपल्या तोंडात

घोड्याच्या तोंडात जाणारं लोखंड लिंबाजी आधी स्वतःच्या तोंडात घालायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिसारी आली. खरं तर शिसारी यायचा मला काही अधिकार नव्हता. मी ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि माझे हात रोज कुठे कुठे जायचे ते जेवत्या माणसापुढे सांगण्यासारखं नाही.

नोकरी आष्टीला होती. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आमचे सगळे कागद परभणीला जायचे. मी जालन्यातल्या मस्तगडचा, बाजारात वाढलेला. घोडा म्हणजे टांग्याला जुंपतात तो, एवढंच मला ठाऊक. डॉक्टरांकडे तीन गावचे दवाखाने होते, त्यामुळे आष्टीत लोक मलाच डॉक्टर म्हणायचे आणि मीही कधी नाही म्हटलं नाही.

आष्टी ते परतूर स्टेशन असा टांगा चालवणारा चांदभाई तीन आठवडे माझ्याकडे येत होता. त्याच्या घोड्याची जीभ डाव्या बाजूने बाहेर लोंबायची आणि घोडा कडब्याला तोंड लावत नव्हता. मी तुरटीच्या पाण्याने तोंड धुवायला सांगितलं, वरून लावायला औषध दिलं. फरक शून्य. चौथ्या खेपेला आमच्या ओसरीवर शेळी घेऊन एक माणूस बसला होता. काळा, सडसडीत, पंचेचाळिशीचा, अंगात पलटणीतला खाकी सदरा. तो उठला आणि मला न विचारता त्याने घोड्याचं तोंड उघडलं.

"डॉक्टर, दवा तोंडाला लावून राह्यले तुम्ही. दुखणं ह्याच्या हातात हाय," तो म्हणाला.

"मेरे हाथ में? मेरे हाथ को क्या हुआ?" चांदभाई भडकला.

त्या माणसाने घोड्याचं कडियाळं काढलं. कडियाळं म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा लोखंडी तुकडा. दोन्ही टोकांना कड्या आणि कड्यांना वाद्या. ते त्याने सदऱ्याला पुसलं, सरळ स्वतःच्या जबड्यात आडवं धरलं आणि वाद्या चांदभाईच्या हातात देऊन डोळे मिटले. "ओढ," तो तोंडातल्या लोखंडाआडून म्हणाला. चांदभाई लाजत लाजत ओढू लागला. "तसं न्हाई. परतूरच्या रस्त्यावर ओढतो तसं." चांदभाईने ओढलं. त्या माणसाची मान डावीकडे गेली, डोळ्यांतून पाणी आलं. त्याने लोखंड काढून थुंकी टाकली.

"डावा हात जड हाय तुझा. उजव्या हातात चाबूक ऱ्हातो, मंग सगळा जोर डाव्याला. अन् हे कडियाळं ह्या घोड्याला बोटभर मोठं हाय. सरकतं अन् जिभंला चिमटं घेतं."

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या पेटीतलं एक जाडसर, गुळगुळीत, मधे सांधा असलेलं कडियाळं आणून घातलं. आठ दिवसांत घोडा कडबा खायला लागला आणि मी तुरटीची पुडी कपाटात ठेवून दिली.

हा लिंबाजी. आष्टीपासून चार मैलांवर परतूरच्या रस्त्याला एक गाव लागतं, तिथला. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. छप्पन साली त्याच्या वस्तीतल्या घरांनी धम्म घेतला तेव्हा तो पलटणीत होता, दूर डोंगरात, खेचरांच्या तुकडीवर. अठरा वर्षं त्याने जनावरांची तोंडं पाहिली. परत आला तो पेन्शन आणि एक लोखंडी पेटी घेऊन. पेटीत एकवीस कडियाळी होती. सरळ, सांध्याची, जाड, बारीक, रबर चढवलेली. दर रविवारी तो ती राखेने आणि चिंचेने घासून दारात मांडायचा. मंठ्यापासून परतूरपर्यंत ज्याच्या दारात घोडा, तो कधी ना कधी लिंबाजीच्या दारात येऊन गेला होता.

गिऱ्हाईक आलं की त्याचे प्रश्न ठरलेले. काम काय? टांगा, शर्यत, की नवरदेवाची मिरवणूक? आधी कुणी फिरवला, किती दिवस? मग घोड्याचं तोंड. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याला मोकळी हिरडी असते, लोखंड तिथे बसतं. ती हिरडी तो बोटाने चाचपायचा. जीभ जाड असली तर बारीक कडियाळं नको, टाळू खाली असली तर सांध्याचं नको. नवशिक्या घोड्याला नेहमी जाड आणि गुळगुळीत. ओठाच्या कोपऱ्याला एकच सुरकुती पडली पाहिजे. दोन पडल्या तर वादी आवळ आहे, एकही नाही तर ढिली. हे सगळं झालं की शेवटी मालकाचा हात बघायचा, तो स्वतःच्या तोंडाने. मंठ्याच्या एका अडत्याचा जावई शर्यतीच्या घोड्यासाठी बारीक कडियाळं मागायला आला होता. लिंबाजीने ते दातांत धरून त्याला ओढायला लावलं आणि मग पेटी बंद केली. "जावईबापू, सायकल घ्या," एवढंच म्हणाला.

एकदा माझ्याही हातात त्याने वाद्या दिल्या. मी ओढलं. तो बराच वेळ डोळे मिटून बसला. "तुमचा हात वाईट न्हाई. पण हातात माणूसच न्हाई," तो म्हणाला. मला राग आला. रागवायचं कारण असं की ते खरं होतं. साहेबांपुढे, डॉक्टरांपुढे, गढीच्या आबासाहेबांपुढे मी कायम सैल पडायचो.

या आबासाहेबांचं सांगायला हवं. गावातली निम्मी काळी जमीन त्यांची. उंच जोत्यावर गढी, रस्त्याकडे तोंड करून दरवाजा आणि दरवाज्याबाहेर ओटा. त्या दरवाज्यापासून निघालेली उतरती बोळ खाली सरळ लिंबाजीच्या वस्तीत जाते. आबासाहेब मला 'ए ढोरवैद्या' म्हणायचे. त्यांची म्हैस अडली होती तेव्हा मला त्यांनी दुपारभर उन्हात उभं केलं होतं, कारण आत पाहुणे जेवत होते. ते मी अजून विसरलेलो नाही, म्हणजे माझंही मन काही संताचं नाही हे वाचणाऱ्याने धरून चालावं.

लिंबाजी गढीचं नाव घेत नसे. 'वरचे' म्हणायचा. एका रविवारी मी त्याच्या दारात कडियाळी बघत बसलो होतो आणि सहज विचारलं, "सगळी आहेत, काटेरी एकही कसं नाही?" काटेरी म्हणजे दांड्याला दाते काढलेलं. घोडा नाचवायला काही लोक घालतात. लिंबाजीचा राखेतला हात थांबला.

"एक होतं. माझ्या बापाच्या तोंडात."

आणि त्याने सांगितलं, कडियाळं घासत घासतच. बाप भिवा गढीवर घोड्यांच्या तबेल्याला होता. आबासाहेब तेव्हा तिशीतले, अंगात नुसती मस्ती. त्यांच्या घोडीला काटेरी कडियाळ्याने जखम झाली. भिवा म्हणाला, मालक, हे काढा, तिला लागतंय. आबासाहेब म्हणाले, तुला काय ठाऊक, तू घोडी हायस का? बघ घालून. आणि अंगणात चार लोकांदेखत ते लोखंड भिवाच्या तोंडात घातलं, वाद्या हातात घेतल्या आणि त्याला अंगणभर चालवलं. थांबला की ओढायचे.

"जीभ मधोमध फाटली. त्यानंतर बापाचं बोलणं आम्हा घरच्यांनाच तेवढं कळायचं. अन् डॉक्टर, मी तिथंच उभा होतो. ल्हान न्हवतो, वीस वर्साचा गडी, लग्न झाल्तं माझं. माझे हात कुणी बांधले न्हवते. मी घोडीचं पाणी धरून उभा ऱ्हायलो." त्याने कडियाळं पाण्यात बुडवून वर धरलं. "बाप गेला तेव्हा मी पलटणीत होतो. माय म्हणती, शेवटाला काय तरी बोलला, पण तिलाबी कळलं न्हाई."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "जाऊ द्या, लिंबाजी. जुनं झालं."

"जुनं तुम्हाला. त्यानं माझ्या बापाला अंगणात चालवलं. मी त्याला गावातून चालवीन. पायी. माझ्या मायच्या डोळ्यादेखत. मंग मरायला मोकळा." आवाज चढला नव्हता. पुढचं कडियाळं घेऊन तो घासायला लागला.

संधी आली ती आबासाहेबांच्याच हाताने. दसऱ्याला शिलंगणाला आबासाहेब घोड्यावर बसून गावापुढे शिवेपर्यंत जायचे, आपट्याची पहिली फांदी तोडायचे आणि घोड्यावरूनच परत यायचे. पिढीजात मान. त्यांची जुनी घोडी दुष्काळात मेली, म्हणून त्यांनी माळेगावच्या जत्रेतून एक पांढरा घोडा आणला. देखणा, पण तोंडाला हात लावू देईना. आबासाहेबांनी मला बोलावलं. मी घोड्यापासून सहा हातांवर उभा राहून त्याचं तोंड तपासलं आणि म्हणालो, "हे काम लिंबाजीचं आहे." आबासाहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण दसरा महिन्यावर आला होता.

लिंबाजी पंचवीस वर्षांनी त्या अंगणात पाय ठेवत होता. सोबत पेटी. कामकरी, गडीमाणसं, आबासाहेबांचे दोन भाऊबंद असे दहा-पंधरा लोक जमले. त्याने घोड्याशी अर्धा तास काढला. गूळ चारला, कान चोळला, मग हळूच बोट हिरडीवर नेलं. तिथे जुन्या जखमांचे वळ होते.

"आबासाहेब," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या घोड्याला कुणीतरी काटेरी घालून नाचायला शिकवलेलं हाय. काटे टोचले की मागं पाय टाकायचा, ही त्याची शिकवण. ह्याला साधं, जाड कडियाळं पाहिजे. काटेरी घालू नका. घातलं तर पुढं जायचा न्हाई, मागंच जाईल. अन् मागं जायला लागला तर ओढू नका, हात सोडा. हात सोडला की थांबतो बराबर."

शब्दन् शब्द खरा होता. मी साक्षीला होतो. मग त्याने पेटीतून कडियाळं निवडलं आणि ते पुसून नोकराच्या हातात द्यायचं सोडून, नेहमीप्रमाणे आधी स्वतःच्या तोंडात घेतलं. वाद्या आबासाहेबांपुढे धरल्या. "ओढा."

अंगणात कुणी हललं नाही. आबासाहेबांना सगळं आठवलं होतं. त्यांची मान लाल झाली. त्यांनी वाद्यांना हात लावला नाही. लिंबाजी तसाच उभा राहिला, तोंडात लोखंड धरून, डोळे मात्र या खेपेला उघडे. मग त्याने ते काढलं, लाळेसकट घोड्याच्या तोंडात बसवलं, एक सुरकुती पडली का पाहिलं आणि पेटी उचलून निघाला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "पुसून दिलं असतंत तर? तुमचं उष्टं ते आता वापरतील का?"

"न्हाई वापरणार," लिंबाजी म्हणाला. "मी त्यांना खरं तेच सांगितलं डॉक्टर, बिलकुल खरं. त्यांनी ऐकलं तर माझा सूड हुकला. म्हणून तोंडात घातलं." चार पावलं चालून तो थांबला. "घोड्याचा तेवढा गुन्हेगार झालो."

तो परतल्यावर ते कडियाळं गढीमागच्या उकिरड्यावर गेलं. वस्तीतल्या एका बाईने ते लिंबाजीला आणून दिलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी म्हशीच्या निमित्ताने गढीवर गेलो तेव्हा तबेल्याच्या खुंटीला जालन्याहून आणलेलं कोरं काटेरी कडियाळं लटकत होतं. मी ते पाहिलं. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. आबासाहेब म्हणाले, "ए ढोरवैद्या, म्हशीकडं बघ." मी म्हशीकडे बघितलं.

दसऱ्याला मी मुद्दाम गेलो. कशाला, ते कबूल करायला हवं. तमाशा बघायला. लिंबाजीच्या वस्तीत त्या दिवशी त्यांचाही सण. धम्म घेतला तो दिवस. माणसं पांढऱ्या सदऱ्यांत, बाया पांढऱ्या लुगड्यांत, विहारापुढे वंदना चालली होती. वर गढीच्या दारात हलगी वाजत होती. मी बोळीच्या मध्यावर एका ओट्यावर जागा धरली.

आबासाहेब जरीचा फेटा बांधून दाराबाहेर आले, घोड्यावर बसले. घोडा दोन पावलं पुढे गेला. हलगीने तो दचकला, आबासाहेबांनी लगाम खेचला आणि घोड्याने मागे पाय टाकला. त्यांनी अजून खेचला, घोडा अजून मागे. लोकांना वाटलं, नाचतोय. कुणीतरी "वा, मालक!" म्हणालंसुद्धा. घोडा मागे मागे बोळीत शिरला. बोळ अरुंद, वळवायला जागा नाही, आणि उतार. आबासाहेब टाच मारत होते आणि हाताने ओढत होते. हात सोडायचा, एवढंच करायचं होतं. पण हात सोडायचा सल्ला कुणी दिला होता ते त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि म्हणून तो हात काही सुटेना. मिरवणूक घोड्यासमोर, आणि मालक तिच्याकडे तोंड करूनच मागे मागे दूर जाताहेत. हलगीवाला वाजवायचा थांबला.

माझ्यासमोरून गेला तेव्हा घोड्याच्या तोंडाला तांबडा फेस होता.

तसाच तो विहारापुढच्या मोकळ्या जागेत जाऊन पोचला. वंदना थांबली. लिंबाजी पांढऱ्या सदऱ्यात पुढे आला आणि घोड्याच्या समोर उभा राहिला. हाताची घडी घातलेली. घोडा थरथरत होता, फेस त्याच्या सदऱ्यावर उडत होता. तेवढा वेळ लिंबाजी घोड्याचा नव्हता. तो आबासाहेबांकडे बघत होता आणि मन भरून बघून घेत होता.

"हात सोडा, आबासाहेब," शेवटी तो म्हणाला.

आबासाहेबांनी हात सोडला. घोडा जागच्या जागी थांबला. लिंबाजीने काटेरी कडियाळं काढून जमिनीवर टाकलं. खिशातून उकिरड्यावरचं ते गुळगुळीत कडियाळं काढलं, सगळ्यांदेखत तोंडात घेतलं, सावकाश, आणि मग घोड्याच्या तोंडात सरकवलं.

"आता पुढं जाईल. बसून जायाचं तर ह्या लोखंडावर जा. न्हाई तर उतरा अन् चाला."

आबासाहेब उतरले. फेटा सावरला. चढाची ती बोळ ते एकटे, पायी चढायला लागले. मागे घोडा नाही, पुढे हलगी नाही. त्यांच्या जोड्याखाली घोड्याच्या रक्ताचे ठिपके होते. वस्तीत कुणी हसलं नाही. लिंबाजीची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. ती त्या पाठीकडे बघत म्हणाली, "माझा धनी याच वाटंनं आल्ता. रगत पुसत आल्ता." मग तिने पदर तोंडावर घेतला.

मला आनंद झाला होता. आजही होतो. त्या उन्हातल्या दुपारची फिट्टंफाट झाल्यासारखं वाटलं, आणि माझी ती दुपार लिंबाजीच्या बापापुढे काहीच नव्हती हे कळत असूनही वाटलं.

सूड स्वस्तात पडला असं मात्र नाही. त्या वर्षी गढीच्या रानात कापूस वेचायला वस्तीतल्या एकाही बाईला बोलावणं आलं नाही. चक्कीवाला दळण घेईना, चार मैल चालत आष्टीला यावं लागायचं. वस्तीतलीच माणसं लिंबाजीला म्हणायची, तुझा बाप मोठा, आमचं पोट काय ल्हान हाय? तो खाली मान घालून ऐकून घ्यायचा आणि सगळ्यांची दळणं स्वतः डोक्यावर घेऊन यायचा. बाटला म्हणून घोडा गढीने परत नेला नाही, चांदभाईला विकून टाकला. मी महिनाभर त्याच्या जिभेवर औषध लावत होतो. लिंबाजी दळण ठेवून रोज घोड्याजवळ बसायचा, त्याचं डोकं मांडीवर ओढून घ्यायचा. त्या महिन्यात गिऱ्हाइकाला त्याने कडियाळं दाखवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. परतूरची गाडी पकडायला मी चांदभाईच्या टांग्यात बसलो. जुंपलेला घोडा तोच, पांढरा. लिंबाजी मला पोचवायला आला होता आणि लगाम त्याच्या हातात होता. चांदभाई मागे माझ्या ट्रंकेवर बसला होता. वाटेत मी विचारलं, "लिंबाजी, समाधान झालं का?" त्याने घोड्याला चुचकारलं.

त्याचं गाव आलं. गढीसमोर त्याने टांगा उभा केला. ओट्यावर आबासाहेब पानाचा डबा घेऊन बसले होते. लिंबाजी उतरला, घोड्याचं कडियाळं काढलं आणि त्याची जीभ हातात धरून ओट्याकडे वळवली.

"आबासाहेब, बघून घ्या. घोड्याची जीभ भरून आली. आता माझ्या बापाची तेवढी ऱ्हायली."

आबासाहेब डबा तिथेच ठेवून आत गेले. दार लागल्याचा आवाज आला. लिंबाजीने ते लोखंड सदऱ्याला पुसलं, आधी आपल्या तोंडात घेतलं आणि नंतर घोड्याच्या तोंडात घातलं. कुणाचा हात तपासायचा नसतानाही तो असं करायचा ते मी थंडीत किंवा सकाळीच पाहिलेलं, तेव्हा वाटायचं, घोड्याला गार लागू नये म्हणून ऊब देतो. त्या दिवशी चैत्राचं ऊन होतं, लोखंड तापलेलंच होतं आणि ओढून बघायला कुणाचा हातही नव्हता.